केस इंटरव्ह्यूची तयारी इंदुरात बसून कशी करायची: पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या राऊंडपर्यंत

कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कन्सल्टिंग फर्म इंटरव्ह्यूत एखाद्या कंपनीची अडचण समोर बसून सोडवायला देतात, त्याला केस म्हणतात. रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर गेली दोन वर्षं शनिवार-रविवारी मी मॉक, म्हणजे सरावाच्या, केस घेते. येणाऱ्यांत कोणी आयआयएम इंदूरचं असतं, कोणी एसजीएसआयटीएसमधून इंजिनियरिंग करून बाहेर एमबीएला गेलेलं आणि सुट्टीत घरी आलेलं, कोणी सीए होऊन आता कन्सल्टिंगमध्ये शिरायचं म्हणतंय. हुशारीत कोणीच कमी नसतं पण एक गोष्ट जवळपास सगळ्यांमध्ये सारखी दिसते, वाचलेलं भरपूर असतं, पीडीएफचे ढीग डाउनलोड केलेले असतात आणि तोंडाने, मोठ्याने, समोर माणूस बसवून एकही केस सोडवलेली नसते. तबल्याचे बोल पाठ असले म्हणून हात बसत नाही ना, तसंच आहे हे.

मी हे इतक्या तळमळीने लिहितेय कारण माझी पहिली संधी मी ह्याच चुकीत घालवली. एका मोठ्या फर्मचा पहिला राऊंड होता, प्रश्न होता की एका सिमेंट कंपनीचा नफा घटलाय, कारण शोधा. मी उत्पन्न, खर्च, उत्पन्नात किंमत आणि माल, खर्चात फिक्स्ड म्हणजे ठरलेला आणि व्हेरिएबल म्हणजे मालाबरोबर वाढणारा, असं सगळं चाळीस सेकंदात घडाघडा म्हणून टाकलं. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ह्यातलं आधी काय बघाल आणि का? मला काहीही सुचलं नाही, कारण मी सिमेंटचा विचार केलाच नव्हता, मी फक्त पाठ केलेलं म्हणून दाखवलं होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी लागले, गुरुग्रामला चार वर्षं काम केलं, आता घरी परत आलेय. तर जे नंतर कळलं ते आधीच सांगते.

नेमकं काय विचारतात

इंटरव्ह्यू साधारण पाऊण तासाचा असतो. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं तुमच्याबद्दल, मग पंचवीस-तीस मिनिटं केस, शेवटी तुम्ही काही विचारायचं असेल तर ते. केस म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण, आणि ती तुम्ही समोर बसून, कागदावर मांडून, बोलत बोलत सोडवायची. उत्तर बरोबर आलं की झालं असं नसतं, तुम्ही प्रश्नाची फोड कशी करता, आकडे हाताळताना गडबडता का, आणि शेवटी ठाम काही सांगता का, हे ते बघत असतात.

मॅकिन्झी (१९२६), बीसीजी (१९६३) आणि बेन (१९७३) ही तीन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, पण कर्नी, ऍक्सेंचर, आणि डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी ह्यांच्या कन्सल्टिंगच्या टीमसुद्धा केस घेतात, त्यामुळे फक्त तिघांवर जीव टांगून ठेवू नका. एक फरक मात्र आधीच समजून घ्या. मॅकिन्झीत बहुतेक वेळा इंटरव्ह्यू घेणारा गाडी चालवतो, म्हणजे एक प्रश्न, मग दुसरा, मग हा तक्ता बघा, असं. बीसीजी आणि बेनमध्ये बऱ्याचदा तुम्हालाच चालवायची असते, तुम्ही गप्प बसलात तर समोरचाही गप्प बसतो आणि ती शांतता फार जड जाते. दोन्ही पद्धतींची सवय पाहिजे. शिवाय आधी ऑनलाइन चाळणी असू शकते, मॅकिन्झीचं सॉल्व्ह नावाचं गेमसारखं टेस्ट आहे, बीसीजीची चॅटबॉटवरची केस आहे. ज्यांना अर्ज करताय त्यांच्या करिअरच्या पानावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, सिनियरने दोन वर्षांपूर्वी दिलेलं सांगितलं त्यावर विसंबू नका.

अजून एक, ह्या फर्मची कन्सल्टिंगची ऑफिसं मुख्यतः मुंबई, गुरुग्राम, बंगळुरूकडे आहेत, इंदुरात बसून रोज कोणी कन्सल्टंट भेटत नाही. कॅम्पसमध्ये असाल तर प्लेसमेंटवाले बघतात, नसाल तर सीव्हीला रेफरल, म्हणजे आतल्या कोणाची तरी शिफारस, लागतो, आणि त्यासाठी आपल्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर चार ओळींचा साधा मेसेज टाकायला लाजू नका. मराठी घरातल्या मुलांना हे मागणं कमीपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण "सर, पंधरा मिनिटं बोलू शकाल का" एवढंच विचारायचं असतं, आणि पुष्कळ जण हो म्हणतात.

आठ आठवडे धरून चला

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज दीड-दोन तास देत असाल तर आठ आठवडे पुरतात. पहिले दोन आठवडे आकडेमोड आणि प्रश्नाची फोड करायची सवय. तिसऱ्यापासून आठवड्याला तीन-चार जिवंत केस, म्हणजे समोर माणूस, घड्याळ लावून. शेवटच्या दोन आठवड्यांत स्वतःच्या गोष्टी आणि जिथे हात अडखळतो त्याच प्रकारच्या केस. एकूण पंचवीस-तीस केस मन लावून झाल्या तर बास आहेत, माझ्याकडे साठ-सत्तर केस करून आलेली मुलं बघितलीत मी, ती प्रश्न ऐकायच्या आधीच "हा तो अमुक प्रकार" म्हणून मोकळी होतात आणि मग समोरच्याचं ऐकतच नाहीत.

केसनंतरची वीस मिनिटं केसइतकीच महत्त्वाची. एक वही करा, त्यात प्रत्येक केसची फक्त चूक लिहा. "लाखाचं कोटी करताना शून्य चुकलं." "क्षमता विचारली नाही." "शेवट गुळमुळीत केला." पंधरा केसनंतर वही चाळा, त्याच तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतील आणि तुमचा अभ्यासक्रम तोच.

आकडे तोंडी आले पाहिजेत

कॅल्क्युलेटर नसतो. आणि इथे आपल्याकडे एक जुनी शिदोरी आहे जी आपण वापरत नाही. आजोबांनी माझ्याकडून पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, अडीच, साडेतीनचे पाढे, करून घेतली होती आणि तेव्हा मी रडायचे, पण गुरुग्रामच्या इंटरव्ह्यूत ४८० कोटींचे साडेतीन टक्के विचारले तेव्हा एक टक्का म्हणजे ४.८ आणि अठ्ठेचाळीस औट एकशे अडुसष्ट, म्हणजे १६.८ कोटी, हे डोक्यात मराठीतच झालं आणि तोंडातून इंग्रजीत बाहेर पडलं. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याजवळ रोज दहा मिनिटं बसा, त्यांनाही बरं वाटतं.

बाकी पाठ करायचं ते थोडंच आहे. एकसप्तमांश म्हणजे १४.३ टक्के, एकअष्टमांश १२.५, एकनवमांश ११.१, एकषष्ठांश १६.७. बहात्तरचा नियम, वाढीच्या टक्क्याने ७२ ला भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं, १२ टक्क्यांनी सहा वर्षं. आणि सगळ्यात जास्त मुलं जिथे पडतात ते म्हणजे लाख-कोटी आणि मिलियन-बिलियनची सरमिसळ. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन. केस सुरू झाली की कागदाच्या कोपऱ्यात कुठलं माप वापरताय ते लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

सरावाला आकडे गावातलेच घ्या. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटचं २०२२च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालं तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा आणि त्यातून १७,००० किलो गॅस अशी क्षमता सांगितली गेली होती. तर एका टनामागे किती गॅस? १७,००० भागिले ५५०, साधारण ३१ किलो, म्हणजे वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. मग पुढचं, आपल्या घरून महिन्याला ३० किलो ओला कचरा जात असेल तर त्यातून किती? एक किलोपेक्षा थोडा कमी. असं पेपर वाचता वाचता रोज एक गणित केलं तर महिन्याभरात आकड्याची भीती जाते.

प्रश्नाची फोड

तुम्ही एमईसीई हा शब्द ऐकला असेल, मीसी म्हणतात. १९६०च्या दशकात मॅकिन्झीत काम करणाऱ्या बार्बरा मिंटो ह्यांच्या नावाशी तो जोडलेला आहे. अर्थ सोपा आहे, वाटे असे करायचे की एक गोष्ट दोन वाट्यांत येऊ नये आणि कुठलीच गोष्ट बाहेर राहू नये. इंदूरच्या लोकांचे विद्यार्थी, बायका आणि नोकरदार असे वाटे केले तर गडबड आहे, कारण माझी वहिनी बँकेत आहे, ती दोन्हीकडे येते, आणि रिटायर झालेले काका कुठेच येत नाहीत. वयाप्रमाणे केले, किंवा फक्त घरीच खाणारे आणि कधीतरी का होईना बाहेर खाणारे असे केले तर कोणी दोनदा येत नाही आणि कोणी सुटत नाही.

फोड करताना मिनिटभर वेळ मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. कागद आडवा धरा, तीन किंवा चार मुख्य वाटे, प्रत्येकाखाली दोन-तीन प्रश्न. आणि प्रत्येक वाट्यात त्या धंद्याचा वास आला पाहिजे. "खर्च" असं नुसतं लिहू नका, नमकीनवाल्याची केस असेल तर "बेसन आणि तेल", "पॅकिंग", "भट्टीचा गॅस", "बाहेरगावचं भाडं" असं लिहा. मग बोलताना आधी सांगा की मी तीन गोष्टी बघणार आहे, आणि सुरुवात ह्या इथून करणार आहे कारण अमुक. ते "कारण अमुक" जे आहे ना, त्यातच माझी पहिली संधी गेली होती.

एक पूर्ण केस, गच्चीवर झालेली

माझा आत्तेभाऊ तयारी करत होता तेव्हा मी त्याला ही केस दिली होती, आकडे मी बनवलेले आहेत. इंदूरचा एक नमकीन बनवणारा. गेल्या वर्षी १००० टन माल विकला, यंदा ११०० टन. तरी नफा २ कोटींवरून ८० लाखांवर आला. काय झालं असेल?

त्याने आधी प्रश्न परत म्हणून दाखवला, छान. मग विचारलं, "ताई, त्यांना फक्त कारण पाहिजे की काय करायचं तेही?" दोन्ही, मी म्हटलं. "आणि माल एकाच प्रकारचा की वेगवेगळा?" एकच सेव धर. हे दोन प्रश्न पुरेसे होते, काही मुलं इथेच दहा प्रश्न विचारतात आणि वेळ घालवतात.

मिनिटभराने म्हणाला, माल वाढून नफा घटलाय म्हणजे किलोमागे काहीतरी बिघडलंय, म्हणून मी आधी किलोमागचा भाव बघतो, मग किलोमागचा खर्च, मग वरचा ठरलेला खर्च. बघा, इथे त्याने पाठ केलेली फोड म्हणून दाखवली नाही, हातात असलेल्या दोन आकड्यांवरून दिशा ठरवली. मी सांगितलं, गेल्या वर्षी सरासरी भाव किलोला २०० रुपये, यंदा १९०. कच्चा माल दोन्ही वर्षी १३० रुपये. पॅकिंग आणि वाहतूक गेल्या वर्षी २५, यंदा ३०. ठरलेला खर्च दोन्ही वर्षी अडीच कोटी.

त्याने आधी ताळा केला. १००० टन म्हणजे १० लाख किलो, २०० वजा १३० वजा २५, किलोमागे ४५ रुपये, साडेचार कोटी, त्यातून अडीच गेले, २ कोटी, जमलं. यंदा १९० वजा १३० वजा ३०, किलोमागे ३०, गुणिले ११ लाख किलो, ३.३ कोटी, वजा अडीच, ८० लाख. हेही जमलं. आणि इथे तो थांबला. "भाव कमी केला आणि भाडं वाढलं, म्हणून नफा घटला." खूश होऊन माझ्याकडे बघितलं.

अरे, पण का? भाव कोणी कमी केला?

निम्म्याहून जास्त मुलं इथेच अडकतात. सरासरी घटली की भाव उतरवला असं धरतात. मी गप्प बसले, खाली पाव मिनिट कोणाची तरी गाडी चालू होत नव्हती तेवढाच आवाज. मग तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक एकाच प्रकारचे आहेत का?" तिथे मला बरं वाटलं. नाही, मी म्हटलं, इंदुरातली दुकानं किलोला २२० देतात आणि तिथे पॅकिंग-वाहतूक १५ लागते. बाहेरच्या राज्यातले डिस्ट्रिब्यूटर १७० देतात आणि तिथे ४० लागतात. दोन्ही भाव दोन वर्षांत बदललेले नाहीत.

आता कागदावर त्याने दोन रकाने केले. गेल्या वर्षी सरासरी २०० येते म्हणजे गावातले ६०० टन, बाहेर ४००. यंदा १९० येते म्हणजे गावात ४४०, बाहेर ६६०. मग किलोमागे काय उरतं ते काढलं. गावात २२० वजा १३० वजा १५, ७५ रुपये. बाहेर १७० वजा १३० वजा ४०... आणि पेन थांबलं. शून्य.

"ताई, बाहेरच्या मालावर काहीच सुटत नाहीये. सगळा नफा गावातून येतोय. गावात १६० टन कमी गेले, १.६ लाख किलो गुणिले ७५, १ कोटी २० लाख. बरोबर तेवढाच नफा कमी झालाय!"

हा क्षण केसमध्ये येतो तेव्हा कळतं की आकडा सापडलाय. पण अजून एक पायरी होती, गावातला माल का घटला? त्याने तीन शक्यता मांडल्या, लोक कमी खातायत, दुसऱ्या कोणाचा माल घेतायत, किंवा दुकानदाराला माल मिळतच नाही. तिसरी ऐकून मी विचारलं, ती कशी तपासशील? "कारखान्याची क्षमता किती आहे?" ११०० टन, पूर्ण भरलेली. आणि दुकानदार सांगतायत की ऑर्डर दिल्यावर माल आठ-आठ दिवस येत नाही. झालं. बाहेरच्या मोठ्या ऑर्डरी आधी भरल्या जातायत, आणि ज्या गिऱ्हाइकावर घर चालतं तोच ताटकळतोय.

शेवटी मी म्हटलं, मालक समोर बसलेत असं समज आणि अर्ध्या मिनिटात सांग. त्याचं पहिलं उत्तर लांबलं, कारण तो सगळा हिशोब पहिल्यापासून सांगायला लागला. मालकाला हिशोब नको असतो, काय करायचं ते हवं असतं. दुसऱ्यांदा असं बोलला: "पहिले गावातल्या दुकानांचे १६० टन परत द्या, त्याने नफा पुन्हा २ कोटींवर येईल. बाहेरच्या मालावर आज किलोमागे काहीच सुटत नाही, तिथे भाव वाढवून मागा, नाही मिळाला तर तो माल थांबवला तरी तुमचं नुकसान नाही. धोका एवढाच की गावातली दुकानं एव्हाना दुसऱ्याकडे गेली असतील, म्हणून ह्याच आठवड्यात मोठ्या वीस दुकानदारांशी बोलून घ्या." आधी काय करायचं, मग का, मग धोका, मग उद्या सकाळी काय. प्रत्येक केसचा शेवट ह्या क्रमाने करा.

बाकीचे प्रकार ह्याच सवयीने सुटतात. नव्या बाजारात शिरायचं असेल तर बाजार केवढा, तिथे कोण बसलंय, आपल्याला जमेल का, पैसा कधी परत येईल. किमतीची केस असेल तर आपला खर्च, दुसऱ्याचा भाव, आणि गिऱ्हाइकाला त्याची किती किंमत वाटते, ह्यात तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच मुलं विसरतात. कंपनी विकत घ्यायची असेल तर ती एकटी कितीची आहे आणि आपल्याबरोबर आली तर किती जास्त.

अंदाजाचे प्रश्न

इंदुरात रोज सकाळी बाहेर किती प्लेट पोहे खाल्ले जातात? हा मी सगळ्यांना विचारते.

लोकसंख्या २०११च्या जनगणनेत शहराची वीस लाखांच्या आत-बाहेर होती, आता आजूबाजूचं धरून ३२ लाख समजू. लहान मुलं आणि फार म्हातारी मंडळी वगळून २५ लाख. त्यातले ५ लाख बाहेरून शिकायला-कामाला आलेले, भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या मुलांसारखे, हे आठवड्यातून तीनेक दिवस खातात, म्हणजे रोज साधारण ४० टक्के, २ लाख प्लेट. १० लाख घरून कामाला निघणारे, आठवड्यातून एकदा, १५ टक्के धरा, दीड लाख. उरलेले १० लाख घरातले, पंधरा दिवसांतून एकदा रविवारी पोहे-जिलबी, ७ टक्के, ७० हजार. एकूण ४ लाख २० हजार.

बहुतेक जण इथे पेन ठेवतात, पण खरी कसोटी ताळ्याची. दुसऱ्या बाजूने या. एक बरा ठेला सकाळभरात २०० प्लेट काढत असेल तर ४ लाख २० हजाराला २१०० ठेले पाहिजेत. महापालिकेचे ८५ वॉर्ड, म्हणजे वॉर्डाला पंचवीस. मी आणि आत्तेभाऊ एका रविवारी सात वाजता खरंच बाहेर पडलो आणि आमच्या वॉर्डातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या, सेव-जीरावन घातलेले पोहे विकणारे १८ मोजले. १८ गुणिले ८५ गुणिले २००, तीन लाखांच्या थोडं वर. म्हणजे आपला अंदाज जरा जास्त होता, तीन ते चार लाखांच्या मध्ये म्हणायला हरकत नाही. इंटरव्ह्यूत हे वाक्य मोठ्याने बोला, की माझा आकडा वरच्या बाजूला असावा आणि तो बहुधा ह्या गृहीतामुळे.

आपल्या गावाचा हा फायदा आहे. सराफ्यात दागिन्यांची दुकानं शटर पाडतात आणि त्याच ओट्यांवर रात्री खाण्याची लागतात, एकच जागा, दोन धंदे, भाडं कसं वाटलं जात असेल? छप्पन दुकान ह्या खाऊगल्लीत गर्दी रविवारी किती पट होते? पीथमपूरच्या कारखान्यांतून मालाच्या गाड्या कशा सुटतात? फिरताना विचारायची सवय लावा, मामा-काकांपैकी कोणाचं दुकान असेल तर एक दिवस गल्ल्याजवळ बसा. दुकानाचं खातं ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याला खेळतं भांडवल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तक्ते आणि ग्राफ

हातात तक्ता दिला की लगेच बोलू नका. आधी शीर्षक, मग माप, मग वर्षं, मग खालची बारीक ओळ. खालच्या ओळीत बऱ्याचदा "निर्यात वगळून" असं काहीतरी असतं आणि सगळं तिथेच फिरतं. ग्राफचा अक्ष शून्यापासून सुरू होतोय का बघा. मग दोन वाक्यं: काय दिसतंय, आणि त्याचा आपल्या प्रश्नाशी काय संबंध. दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याला अर्थ नाही.

स्वतःबद्दल बोलायची दहा मिनिटं

ह्याची तयारी लोक आदल्या रात्री करतात, आणि ह्यातच जातात. मॅकिन्झीत तर ह्या भागाला वेगळं वजन आहे, एकच प्रसंग घेऊन दहा-दहा मिनिटं खोदतात, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, त्याने काय उत्तर दिलं, मग तुम्हाला काय वाटलं. म्हणून तीन-चार प्रसंग असे निवडा जे खरंच घडलेत आणि बारकाव्यासकट आठवतात. लोकांना पटवून दिलं तो एक, अडचणीत टीम चालवली तो एक, आणि जिथे हरलात तो एक.

आपली एक सवय इथे फार नडते, ती म्हणजे "आम्ही". आम्ही ठरवलं, आम्ही केलं, आम्ही वर्गणी जमवली. "मी" म्हटलं की आगाऊपणा वाटतो, तसेच वाढलोय आपण. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिने गणेशोत्सवात मंडळाचा हिशोब एकटीने तीन वर्षं सांभाळला होता, शेवटच्या क्षणी मांडववाल्याने पैसे वाढवून मागितले तेव्हा रात्री अकराला जाऊन बोलणी केली होती, आणि सांगताना म्हणत होती "आम्ही ते मॅनेज केलं". मी तिला रेकॉर्डिंग ऐकवलं आणि म्हटलं मोज, चार मिनिटांत "मी" किती वेळा आलं. दोनदा. तिला पुन्हा सांगायला लावलं, मांडववाल्याच्या दारात ती नेमकं काय बोलली ते, आणि तोच प्रसंग ऐकून अंगावर काटा आला.

हिंदी-मराठीत वाढलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. विचार मराठीत करा, काही बिघडत नाही. पण सराव इंग्रजीतच करा, कारण केसच्या मधोमध शब्द शोधायला लागलात तर हिशोब सुटतो. वाक्यं लहान ठेवा. उच्चारांकडे कोणी बघत नाही, गोंधळाकडे बघतात.

सरावाला माणूस कुठून आणायचा

दोघं-तिघं मिळून गट करा, एकाने केस विचारायची, दुसऱ्याने सोडवायची, तिसऱ्याने गप्प बसून चुका लिहायच्या. केस विचारतानाच जास्त शिकायला मिळतं, समोरचा कुठे भरकटला ते स्पष्ट दिसतं. कोणीच नसेल तर घरच्यांना बसवा, माझ्या आईला कन्सल्टिंग म्हणजे काय ते आजही नीट माहीत नाही पण "हे मला कळलं नाही, परत सांग" असं ती म्हणाली की समजायचं आपली मांडणी कच्ची आहे. आठवड्यातून एक केस व्हिडिओ कॉलवर अनोळखी माणसाबरोबर करा, कारण मित्र सांभाळून घेतो.

इंटरव्ह्यू घरून असेल तर लाईट आणि नेट दोन्हीची सोय करून ठेवा, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून आधी एकदा तपासा, कोरे कागद, दोन पेनं, पाणी. मुंबईला जायचं असेल तर आदल्या दिवशीच पोचा, रात्रीच्या गाडीने उतरून थेट जाऊ नका, झोप नसेल तर सगळ्यात आधी गणित जातं. मध्ये चूक कळली तर लपवू नका, "एक मिनिट, इथे माझं शून्य चुकलंय" म्हणून दुरुस्त करा आणि पुढे चला, आकडा दुरुस्त करणारा उमेदवार त्यांना चालतो. आणि बाहेर पडल्या पडल्या, घरी फोन लावायच्याही आधी, लॉबीत बसून विचारलेले प्रश्न आणि आपण दिलेले आकडे त्याच वहीत लिहून काढा, कारण पुढचा राऊंड आठवड्याभरात असू शकतो आणि तोवर अर्ध्याहून जास्त विसरायला होतं.